गर्भनिरोधक गोळ्या किंवा ‘अंतरा’ इंजेक्शन बंद केल्यावर पाळी का लांबते? मूल व्हायला खरंच अडचण येते का?

पाच-सहा वर्षं गर्भनिरोधक गोळ्या घेतल्या, आता मूल हवं म्हणून बंद केल्या आणि पाळीच येईना. किंवा ‘अंतरा’ची चार इंजेक्शनं घेतली, शेवटचं घेऊन सहा महिने उलटले तरी पाळीचा पत्ता नाही. अशा वेळी घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘तरी सांगत होतो, असलं काही घेऊ नको म्हणून.’ मग मोबाइलवर शोधाशोध सुरू होते. तिथे घाबरवणारे व्हिडिओ असतात, आणि त्यांच्याच शेजारी ‘गर्भाशय साफ करणारा’ काढा विकणारेही असतात.

आधी थोडक्यात उत्तर. हार्मोनच्या गर्भनिरोधकांमुळे कायमचं वंध्यत्व येत नाही. ती एक वर्ष घेतली की दहा वर्षं, यानेही मूल होण्याच्या क्षमतेत फारसा फरक पडत नाही. मात्र साधन बंद केल्यावर शरीर पूर्वपदावर यायला लागणारा वेळ साधनागणिक वेगळा असतो. गोळीच्या बाबतीत तो आठवड्यांत मोजायचा, इंजेक्शनच्या बाबतीत महिन्यांत. बहुतेक काळजी आणि घरातली बरीचशी भांडणं हा फरक आधी कुणी न सांगितल्यामुळे होतात.

‘गोळ्या घेत होते’ म्हणजे नेमकं काय?

मराठीत ‘गोळ्या’ या एका शब्दात चार वेगवेगळी औषधं येतात. डॉक्टरकडे गेल्यावरही इथेच घोटाळा होतो.

पहिली रोजची गोळी. सरकारी दवाखान्यात मोफत मिळणारी माला-एन, दुकानात मिळणारी माला-डी आणि खासगी कंपन्यांच्या अनेक. माला-एनच्या पाकिटात २८ गोळ्या असतात. त्यातल्या २१ गोळ्यांत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन ही दोन हार्मोन असतात, उरलेल्या सात नुसत्या लोहाच्या.

दुसरी ‘छाया’. ही लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झाली. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर आठवड्यातून एकदा घ्यायची. हिच्यात हार्मोन नसतं, तरी काहीजणींची पाळी ती घेताना लांबते.

तिसरी तातडीची, म्हणजे आय-पिलसारखी. ही संबंधानंतर ७२ तासांच्या आत एकदाच घ्यायची. तिच्यामुळे पुढची पाळी थोडी मागेपुढे होऊ शकते, त्यापलीकडे ती मागे काही ठेवून जात नाही.

चौथी गोळी गर्भनिरोधकच नाही. गौरी-गणपती, लग्न, पूजा, देवदर्शनाची सहल यासाठी पाळी पुढे ढकलायला घेतली जाते ती नॉरएथिस्टेरॉनची गोळी. ती बंद केल्यावर बहुतेकींना दोन-तीन दिवसांत पाळी येते. ढकललेल्या दिवसांत ती गर्भधारणा रोखेलच असं नाही. त्यामुळे गोळी संपूनही पाळी आली नाही, तर आधी गर्भधारणेची चाचणी करायला हवी. सणासुदीला मेडिकलमधून चिठ्ठीविना गोळ्या आणणाऱ्या बायका खूप आहेत, आणि गोळी देणाराही यातलं काही सांगत नाही.

या लेखातला प्रश्न मुख्यतः रोजच्या गोळ्यांचा आणि इंजेक्शनचा आहे.

गोळी चालू असताना येते ती पाळी नसतेच

नेहमीच्या महिन्यात मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी अंडाशयाला संदेश पाठवते. त्यामुळे एक स्त्रीबीज तयार होऊन बाहेर पडतं. गर्भाशयाचं अस्तर जाड होतं, गर्भ राहिला नाही की गळून पडतं. ही पाळी.

गोळीतली हार्मोन रोज बाहेरून मिळू लागली की पिट्युटरी संदेश पाठवणं जवळजवळ थांबवते. बीज बाहेर पडत नाही, अस्तरही फारसं वाढत नाही. २१ दिवसांनी लोहाच्या गोळ्या सुरू होतात, तेव्हा हार्मोन अचानक बंद झाल्याने थोडा रक्तस्राव होतो. तो २८ दिवसांनी घड्याळ लावल्यासारखा येतो, कारण ते घड्याळ पाकिटाचं असतं. अंडाशयाचा त्याच्याशी संबंध नसतो.

हे कळलं की पुढच्या अनेक गोष्टींचा उलगडा होतो. ‘गोळ्या चालू होत्या तोवर पाळी अगदी नियमित होती, बंद केल्यावर बिघडली’ ही तक्रार खरी असते, पण तिचा अर्थ बहुतेक वेळा वेगळा असतो. मूळची पाळी अनियमितच होती, गोळीने ती काही वर्षं झाकून ठेवली. अनेक मुलींना विसाव्या वर्षी गोळ्या सुरू होतात त्या पाळी नियमित यावी म्हणूनच. कारण असतं पीसीओडी. पुढे लग्न होतं, गोळ्या गर्भनिरोधक म्हणून चालू राहतात. तिशीत त्या बंद केल्या की जुनी अनियमित पाळी परत येते, आणि दोष मात्र गोळीवर जातो.

झाकलं जाण्याची इतरही कारणं आहेत. थायरॉइडचा बिघाड, प्रोलॅक्टिन हे हार्मोन वाढणं, वजन एकदम कमी किंवा जास्त होणं, चाळिशीच्या आत अंडाशयाचं काम मंदावणं. यातलं काहीही गोळ्या चालू असतानाच्या वर्षांत सुरू होऊ शकतं. तेव्हा ते लक्षात येत नाही, कारण दर महिन्याला रक्तस्राव होतच असतो.

१९६० च्या दशकात गोळी नवी होती, तेव्हा ती बंद केल्यावर पाळी न येणं हा एक स्वतंत्र आजार मानला जायचा. त्या वेळच्या गोळ्यांत इस्ट्रोजेनचं प्रमाणही आजच्या कित्येक पट असे. आजच्या माला-एनमध्ये ते फक्त ३० मायक्रोग्रॅम आहे. आता डॉक्टर अशा बाईची तपासणी तशीच करतात जशी कधीही गोळी न घेतलेल्या बाईची करतात. ‘गोळीमुळे असेल, येईल हळूहळू’ म्हणत वर्षभर थांबायला सांगणं हा जुना सल्ला आहे, आणि त्यात मोलाचा वेळ जातो.

गोळी बंद केल्यावर किती दिवसांत सगळं सुरळीत होतं?

गोळीतली हार्मोन काही दिवसांतच शरीराबाहेर जातात. काढ्याने ‘साफ’ करायला आत काही उरलेलं नसतं.

शेवटची गोळी घेतल्यावर दोन-चार दिवसांत जो रक्तस्राव होतो तो अजून गोळीचाच. त्यानंतरची पहिली खरी पाळी बहुतेकींना चार ते सहा आठवड्यांत येते. वर्षभर एकही सुट्टी न घेता, म्हणजे मधला रक्तस्रावही न होऊ देता, गोळी घेतलेल्या बायकांचा एक अभ्यास झाला होता. त्यातही निम्म्या जणींची पाळी साधारण ३२ दिवसांत परतली, आणि ९० दिवसांत जवळपास ९९ टक्के बायकांना पाळी आली किंवा दिवस राहिले. पहिले दोन-तीन महिने चक्र थोडं पुढेमागे होणं, मुरूम परत येणं, पोटात जास्त दुखणं हे चालतं. गोळीने दाबलेलं दुखणं गोळी गेल्यावर परत जाणवतं.

मूल राहण्याचं काय? युरोपात दोन हजारांवर बायकांवर झालेला एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. गोळी बंद केल्यावर पहिल्याच महिन्यात २१ टक्के बायकांना दिवस गेले, वर्षभरात सुमारे ७९ टक्के. कधीही गोळी न घेतलेल्या जोडप्यांचं चित्रही याच्या आसपासच असतं. कारण सगळं ठीक असतानाही एका महिन्यात गर्भ राहण्याची शक्यता साधारण २० ते २५ टक्केच असते. लग्नानंतर ‘दोन महिन्यांत काही नाही’ म्हणून कुजबुज करणाऱ्या घरांत हा आकडा सांगण्यासारखा आहे.

२०२० मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात आणखी मोठा अभ्यास आला, डेन्मार्क आणि उत्तर अमेरिकेतल्या सुमारे १८ हजार बायकांचा. त्यात गोळ्या घेतलेल्यांना क्षमता पूर्ववत व्हायला साधारण तीन पाळीचक्रं लागली. गर्भाशयात बसवायच्या साधनांना दोन. इंजेक्शन घेतलेल्यांना पाच ते आठ. त्यानंतर कोणत्याही गटात फरक उरला नाही, आणि साधन किती वर्षं वापरलं यानेही दीर्घकाळचा परिणाम दिसला नाही.

एक गोष्ट मात्र गोळी करत नाही. ती वय थांबवत नाही. बीज बाहेर पडत नाही म्हणजे ते ‘वाचतं’ असा एक समज आहे, तो चुकीचा आहे. अंडाशयातला बीजांचा साठा गोळी चालू असतानाही वयानुसार कमी होतच राहतो. २८ व्या वर्षी सुरू केलेली गोळी ३६ व्या वर्षी बंद केली, तर गर्भ राहायला लागणारा उशीर हा त्या आठ वर्षांच्या वयाचा असतो. घरातल्या हिशोबात तो गोळीच्या नावावर लिहिला जातो.

आणखी एक तांत्रिक पण उपयोगी गोष्ट. बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी एएमएच नावाची रक्तचाचणी हल्ली सर्रास करतात. गोळ्या चालू असताना ती प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवते आणि बंद केल्यावर काही महिन्यांत वर येते. गोळी सुरू असताना आलेल्या कमी आकड्यावरून लगेच आयव्हीएफचा निर्णय घेणं घाईचं ठरू शकतं.

‘अंतरा’चा हिशोब वेगळा

‘अंतरा’ हे दर तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन. औषधाचं नाव मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन, मात्रा १५० मिलिग्रॅम. देशाच्या सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रमात ते २०१७ मध्ये आलं. भारतात त्याला परवानगी १९९३ मध्येच मिळाली होती, पण सरकारी केंद्रांत यायला दोन दशकांहून जास्त काळ गेला. महिला संघटनांनी त्याला जोरदार विरोध केला होता. त्यांचा एक मुद्दा असा होता की गर्दीच्या सरकारी केंद्रात बाईला दुष्परिणाम नीट सांगितले जातील का, आणि नंतर तिची विचारपूस कोण करणार. औषधाच्या सुरक्षिततेवर मतभेद असू शकतात, पण हा प्रश्न आजही तितकाच खरा आहे.

सोय मोठी आहे हे नाकारता येत नाही. रोजची आठवण नाही, घरात पाकीट सापडायची भीती नाही, सासूला किंवा नवऱ्याला कळूही न देता घेता येतं. अंगावर पाजणाऱ्या आईलाही बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी चालतं. ज्यांच्या हातात घरातले निर्णय नाहीत अशा बायकांसाठी हे मोलाचं आहे.

पण सुई टोचली की औषध परत काढता येत नाही. ते स्नायूत साठतं आणि तिथून हळूहळू रक्तात उतरतं. तीन महिन्यांनी संरक्षणाची हमी संपते, तरी उरलेलं औषध थोडं थोडं झिरपतच राहतं. म्हणून उशीर.

औषधाच्या माहितीपत्रकातले आकडे असे आहेत. इंजेक्शन थांबवून ज्यांना गर्भ राहिला, त्यांच्यातल्या निम्म्या जणींना तो शेवटच्या इंजेक्शनपासून दहा महिन्यांच्या आत राहिला. बारा महिन्यांत ६८ टक्के, पंधरा महिन्यांत ८३ टक्के, अठरा महिन्यांत ९३ टक्के. म्हणजे १ जानेवारीला शेवटचं इंजेक्शन घेतलं असेल, तर दिवाळी उलटून जाणं हे सरासरीतच बसतं. कुणाला चौथ्या महिन्यात दिवस जातात, कुणाला दोन वर्षंही लागतात. किती इंजेक्शनं घेतली यावर हा उशीर अवलंबून नसतो. दोन घेतलेलीला आणि दहा घेतलेलीला साधारण सारखाच वेळ लागतो.

यातून एक साधा नियम निघतो. पुढच्या वर्षभरात मूल हवं असेल तर ‘अंतरा’ हे योग्य साधन नाही. दोन मुलांत तीन वर्षांचं अंतर ठेवायचं असेल, तर शेवटचं इंजेक्शन पुढचा गर्भ राहायला हवा त्या वेळेच्या वर्षभर आधीच थांबवावं लागतं. संरक्षण मात्र तेरा आठवड्यांनंतर गृहीत धरता येत नाही, त्यामुळे मधल्या काळासाठी कंडोम किंवा गोळी लागते. हे गणित पहिल्या इंजेक्शनच्या आधी सांगायला हवं. दीड वर्षाने रडत आलेल्या बाईला ते सांगून उपयोग नसतो.

पाळीचंही तसंच. सुरुवातीच्या महिन्यांत अधूनमधून डाग पडतात, काहींना बरेच दिवस रक्त जातं. पुढे पाळी बंद होत जाते. वर्षभराने निम्म्याहून थोड्या जास्त बायकांना पाळी येत नाही, दोन वर्षांनी दोन तृतीयांश बायकांना. ‘मग ते रक्त जातं कुठे? आत साठून गाठ होते,’ अशी भीती गावागावांत आहे. आत काही साठत नाही. अस्तर वाढलेलंच नसतं, त्यामुळे गळायलाही काही नसतं. रिकाम्या हंड्यातून पाणी सांडत नाही, तसंच हे. इंजेक्शन थांबवल्यावर औषध ओसरेपर्यंत, म्हणजे काही महिने, पाळी न येणं अपेक्षित आहे. फार दिवस रक्त जात असेल तर मात्र केंद्रावर दाखवावं, त्यावर उपचार असतात. हे इंजेक्शन घेताना हाडांची घनता थोडी कमी होते आणि थांबवल्यावर बरीचशी भरून येते. त्यामुळे ते अनेक वर्षं सलग घ्यायचं असेल तर डॉक्टरशी बोलून घ्यावं.

तांबी, म्हणजे कॉपर-टी, या सगळ्या गोंधळात उगाच ओढली जाते. तिच्यात हार्मोन नसतं. ती काढल्यावर लगेचच गर्भ राहू शकतो. मिरेनासारख्या साधनात थोडं हार्मोन असतं, पण ते मुख्यतः गर्भाशयापुरतं काम करतं आणि काढल्यावर काही आठवड्यांत पाळी परतते.

उलटी चूकही होते

‘इतकी वर्षं गोळ्या घेतल्यात, लगेच थोडंच काही होणार आहे,’ असं समजून निर्धास्त राहणारेही खूप. बीज पाळीच्या आधी बाहेर पडतं. त्यामुळे गोळी बंद केल्यावर पहिली पाळी यायच्या आतच गर्भ राहू शकतो, आणि ‘पाळी लांबली’ याचा अर्थ सरळ तोच असू शकतो. म्हणून पहिली पायरी नेहमी घरच्या किटवर लघवीची चाचणी. ती न करता ‘पाळी आणायच्या’ गोळ्या मेडिकलमधून आणून घेणं धोक्याचं आहे. चाचणी होकारार्थी असेल आणि ओटीपोटात एका बाजूला जोरात दुखत असेल किंवा चक्कर येत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायला हवा. गर्भ नळीत राहिल्याची ती खूण असू शकते.

गोळी बंद करून तीन महिने थांबूनच प्रयत्न करावा, असाही सल्ला ऐकू येतो. त्याची गरज नाही. एक पाळी येऊ दिली तर प्रसूतीची तारीख मोजायला सोपं जातं, एवढंच. गोळी बंद केल्या केल्या राहिलेल्या गर्भाला त्यामुळे व्यंग येत नाही. फोलिक ॲसिडची रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी मात्र प्रयत्न सुरू करायच्या आधीपासून घ्यावी, ती बाळाच्या मणक्यासाठी असते.

डॉक्टरकडे कधी जायचं?

गोळी बंद करून तीन महिने झाले, चाचणी नकारार्थी आहे आणि पाळी नाही, तर जावं. इंजेक्शनच्या बाबतीत शेवटच्या तारखेपासून साधारण वर्षभर पाळीची वाट पाहता येते. पण वय ३५ च्या पुढे असेल, आधीपासून पाळी अनियमित असेल, छातीतून दुधासारखा स्राव येत असेल, चेहऱ्यावर केस वाढत असतील किंवा अंगात एकदम उष्णतेच्या लाटा येत असतील, तर इतकं थांबू नये.

पाळी येतेय पण गर्भ राहत नाही, अशा वेळी नेहमीचाच नियम लागू होतो. नियमित संबंध असूनही एक वर्षात गर्भ राहिला नाही तर तपासणी करायची, वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच. इंजेक्शन घेतलेल्यांना हे मोजताना औषध ओसरायला लागणारे महिने धरावे लागतात.

सुरुवातीची तपासणी फार मोठी नसते. थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि इतर हार्मोनसाठी रक्त, एक सोनोग्राफी. गरजेप्रमाणे नळ्या मोकळ्या आहेत का ते पाहतात. आपल्याकडे जननेंद्रियांचा क्षयरोग हे नळ्या बंद होण्याचं एक महत्त्वाचं कारण आहे आणि त्यामुळे पाळीही कमी होऊ शकते. त्यामुळे घरात कुणाला क्षयरोग झाला होता का हे डॉक्टर विचारतात. यात लपवण्यासारखं काही नाही. डॉक्टरने पाळी आणण्यासाठी गोळ्या दिल्या आणि पाळी आली, म्हणून काम झालं असंही नाही. त्याने रक्तस्राव होतो, बीज तयार होतंच असं नाही.

आणि नवऱ्याची वीर्यतपासणी. ही सगळ्यात स्वस्त आणि सोपी तपासणी बहुतेक घरांत सगळ्यात शेवटी होते, कधी होतही नाही. मूल न होण्याच्या कारणांत पुरुषाचा वाटा मोठा असतो. बायकोने कधीकाळी गोळ्या घेतल्या होत्या, एवढ्या एका माहितीवर तिच्या दोन-दोन वर्षं तपासण्या चालतात आणि नवऱ्याचा नमुना दिलेलाच नसतो. हा नमुना दोन ते सात दिवस संबंध टाळून द्यायचा असतो, आणि पत्नीच्या पहिल्या रक्ततपासणीच्या दिवशीच तो दिला तरी चालतो.

पहिल्या भेटीला जाताना गोळीचं रिकामं पाकीट किंवा इंजेक्शनच्या तारखा लिहिलेलं केंद्रावरचं कार्ड सोबत न्यावं. गोळ्या सुरू करण्यापूर्वी पाळी कशी येत होती, हेही आठवून ठेवावं. डॉक्टरचा पहिला प्रश्न बहुधा तोच असतो.